अर्धा मिलिमीटर

उतारावरच्या तिसऱ्या वळणाला तिने ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हातात थरथरलं. पुढच्या वळणाला पुन्हा तेच, वर चाकांतून करकर आवाज. तिच्या मनात पहिला विचार आला तो गाडीचा नव्हता. आता हे घरी सांगायचं कसं, असा होता.

लॅबमधल्या मैत्रिणी म्हणायच्या, "तुझं बरं आहे. नवऱ्याचंच गॅरेज. तुला कसली काळजी?" ती नुसती हसायची. रक्त तपासणाऱ्या त्या लॅबमध्ये तिला अकरा वर्षं झाली होती. लॅब टेकडीवर, घर खाली, मधे सात वळणांचा रस्ता. स्वतःच्या पगारातून घेतलेली छोटी गाडी होती आणि संध्याकाळी उतरताना मागच्या सीटवर आठ वर्षांची लेक असायची, कारण तिची शाळाही वरच होती.

घराच्या मागे पत्र्याची लांबलचक शेड होती. उजव्या बाजूला नवऱ्याचं गॅरेज, डाव्या बाजूला सासऱ्यांचं लेथ मशीन. मधे भिंत नव्हती, पण भिंत असती तर बरं, असं तिला रोज वाटायचं. सासऱ्यांना सगळा बाजार मास्तर म्हणायचा. एके काळी आसपासच्या प्रत्येक गॅरेजमधून ब्रेकच्या डिस्क त्यांच्याकडे यायच्या. चर पडलेली, लाट आलेली डिस्क मास्तर लेथवर धरायचे, दोन्ही बाजूंनी कागदाएवढी तासायचे आणि आरशासारखी करून परत द्यायचे. मग नव्या डिस्क स्वस्त झाल्या. लोक तासायचं सोडून बदलायला लागले. आणि मास्तरांच्या मनाला कायमचं लागलं ते यामुळे की सगळ्यांच्या आधी बदलायला लागला तो त्यांचाच मुलगा.

नवऱ्याचा नियम सरळ होता. पॅड बदलायला गाडी आली की डिस्कही बदलायच्या. "जुन्या डिस्कवर नवे पॅड टाकले की आठ दिवसांत गिऱ्हाईक दारात उभं. आवाज येतो, स्टिअरिंग हलतं. फुकटची उस्तवार कोण करणार?"

मास्तरांच्या लेखी ही शुद्ध लबाडी होती. "कमीत कमी जाडी किती हवी ते डिस्कवर कोरलेलं असतं. मोजा! जास्त भरली तर ठेवा, कमी भरली तर फेका. यात तुझं मत विचारलंय कुणी?" काही जुनी गिऱ्हाइकं अजूनही मास्तरांकडून डिस्क मोजून घ्यायची आणि ते म्हणाले तर त्याच ठेवायची.

हा वाद एकदा गिऱ्हाइकासमोर झाला. मास्तर एका माणसाला म्हणाले, "तुमच्या डिस्क चांगल्या आहेत, हा तुम्हाला टोपी घालतोय." त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. सहा वर्षं झाली. एकाच टेबलावर जेवायचे आणि "त्याला सांग" आणि "बाबांना विचार" असं चालायचं. निरोप्याचं काम सुनेकडे. दोघांच्या बोलण्यातले काटे काढून उरलेला मजकूर पोहोचवायचा, हे ती इतकं सराईतपणे करायची की कधीकधी मजकूरच उरायचा नाही.

तर त्या संध्याकाळी तिने सांगितलं. नवऱ्याने चाक काढून पाहिलं. "पॅड संपलेत. डिस्कवर चर आहेत. दोन्ही बदलतो. उद्या माल मागवतो."

पलीकडून मास्तर लेथ पुसत होते. ते सुनेकडे बघून म्हणाले, "त्याला विचार, मोजल्या का?"

नवरा दुसऱ्या चाकाकडे वळला. मास्तर उठले, लाकडी पेटीतून आपला मायक्रोमीटर काढला आणि डिस्कशी जाऊन उकिडवे बसले. डोळे बारीक करून, मान एकदा इकडे, एकदा तिकडे करून त्यांनी बराच वेळ मोजलं.

"बावीस पॉइंट साठ. मर्यादा बावीसची आहे. अजून साठ शतांश जीव आहे हिच्यात. पन्नास तासतो, चर जातील. घरच्या गाडीला तरी लुटू नको म्हणावं."

"बाबा, बदलूनच टाकू ना," ती म्हणाली. "उतारावर छोटी असते गाडीत. पैसे मी देते."

"पैशाचा प्रश्न नाहीये, सूनबाई."

"पैशाचा प्रश्नच नाहीये," नवराही म्हणाला. सहा वर्षांत दोघं कधी नव्हे ते एका मुद्द्यावर आले, तेही तिला गप्प करायला.

मग नवऱ्याने हात झटकले. "करू दे त्यांना. हौस फिटू दे. घरचीच तर गाडी आहे."

त्या दिवशी मास्तरांचा थाट काही वेगळाच होता. बऱ्याच महिन्यांनी लेथवर डिस्क चढली होती. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला, घड्याळ काढून ठेवलं, आणि छोटीला बोलावून लांब उभं केलं. लोखंडाचा चकचकीत कीस खाली झरत राहिला. काम झाल्यावर त्यांनी पुन्हा मोजलं. "बावीस पॉइंट बारा," त्यांनी मोठ्याने जाहीर केलं, पिवळ्या बल्बखाली, अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं. नवऱ्याने नवे पॅड टाकले, चाकं चढवली, आणि डिस्क मोजायची तसदी घेतली नाही. गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. "बघ," मास्तर म्हणाले. तिला खरंच बरं वाटलं. म्हातारा माणूस खूश झाला, गाडीही नीट झाली, आणखी काय हवं?

अडीच महिने सगळं ठीक चाललं.

मग एका सोमवारी पाऊसपाणी काही नसताना, कोरड्या रस्त्यावर, पाचव्या वळणाला पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. तिने जोर लावला. स्टिअरिंग असं हललं की हात सुटतील. जळकट वास आला. पुढे विटांनी भरलेला ट्रक मुंगीच्या पावलांनी उतरत होता. तिने गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, आणि गाडी डावीकडच्या खडीच्या ढिगात घुसवून थांबवली. ट्रकची मागची फळी हातभर अंतरावर होती. मागून छोटी म्हणाली, "आई, माझा डबा सांडला."

ती दहा मिनिटं तशीच बसून राहिली. मग चाकं निवल्यावर पहिल्या गिअरमध्ये रांगत रांगत घरी आली.

दोघं शेडमध्येच होते. तिने जे झालं ते सांगितलं. आवाज चढू द्यायचा नाही असं वाटेत ठरवलं होतं, तरी शेवटी चढलाच.

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "उतारावर ब्रेकवर पाय ठेवून चालवतेस तू. सगळ्या बायका तसंच चालवतात. डिस्क तापणारच. गिअरमध्ये उतरावं."

"बाबा, मी अकरा वर्षं तोच रस्ता उतरतेय."

"मग अकरा वर्षं चुकतेयस."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीखाली वाकला होता. "रविवारी बघतो," तो म्हणाला. "या आठवड्यात पाच गाड्या द्यायच्यात."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत सावकाश चालव."

तेव्हापासून ती छोटीला घेऊन बसने जायला लागली. रविवारी नवऱ्याकडे एक अडलेला टॅक्सीवाला आला, त्याच्या पोटावर पाय कसा आणायचा? पुढच्या रविवारी नवऱ्याची पाठ धरली. तिने तिसऱ्या रविवारची वाट पाहिली नाही. शनिवारी अर्धा दिवस रजा टाकली आणि गाडी रांगवत गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे त्यांना कुणी ओळखत नाही अशा एका गॅरेजात नेली. स्वतःच्या घरामागे दोन-दोन कारागीर असताना परक्याच्या दारात गाडी लावताना तिला चोरी करत असल्यासारखं वाटलं. त्याचा तिला रागही आला.

तिथला मेकॅनिक पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने चाकं काढली, डिस्कवर बोट फिरवलं आणि थबकला.

"ही लेथवर कुणी धरली?"

"का? बिघडवली का?"

"नाही हो. काम फार सुरेख आहे. असं काम आता बघायला मिळत नाही." त्याने कापडाने मायक्रोमीटर पुसला, डिस्कला लावला, दोन-चार ठिकाणी फिरवून पाहिला. मग कपाळाला आठ्या पाडून म्हणाला, "पण पातळ केलीय. हे वाचता येतं तुम्हाला?"

तिला येत होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती तेच शिकली होती. आडव्या रेघेच्या वर पूर्ण मिलिमीटरच्या खुणा, खाली अर्ध्याच्या. शेवटची दिसणारी खूण रेघेच्या खाली होती. म्हणजे एकवीस आणि अर्धा, आणि फिरत्या भागावरचे दहा. एकवीस पॉइंट साठ.

"मर्यादा बावीस," तो म्हणाला आणि डिस्कवर कोरलेला आकडा नखाने दाखवला. "पातळ डिस्क लवकर तापते, तापली की वाकते. तुम्ही उतरता कुठून?"

तिने सांगितलं.  त्याने नुसती मान हलवली.

मास्तरांकडून काय झालं ते तिला तिथेच, त्या परक्या स्टुलावर बसल्या बसल्या उमगलं. खालची खूण त्यांना वरची दिसली. एकवीस पॉइंट साठचे बावीस पॉइंट दहा झाले. बरोबर अर्धा मिलिमीटर. आधीही तसंच झालं असणार; तासायच्या आधीच डिस्क जेमतेम मर्यादेवर होती आणि त्यांनी तिच्यातून आणखी पन्नास काढले. हात अजून तसाच होता, डोळे गेले होते. अलीकडे ते वर्तमानपत्र खिडकीशी नेऊन वाचायचे, गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव छोटीकडून वाचून घ्यायचे. तिने ते रोज पाहिलं होतं. लेथशी त्याचा संबंध जोडला नव्हता, एवढंच.

नव्या डिस्क, नवे पॅड पडले. जुन्या डिस्क मेकॅनिकने पोत्यात गुंडाळून डिकीत ठेवल्या. वाटेत तिने ठरवलं की नवऱ्याला एकट्याला गाठायचं, नीट सांगायचं, आणि बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. भांडायचं नाही.

पण गाडी शेडसमोर थांबते न थांबते तोच नवऱ्याची नजर पुढच्या चाकावर गेली. चाकाच्या फटीतून नवी डिस्क चकाकत होती.

"हे कुठून?"

तिने सांगितलं.

तो असा पाहत राहिला की जणू तिने त्याला भर बाजारात थोबाडीत मारली. "माझी बायको दुसऱ्याच्या गॅरेजात जाते? उद्या सगळ्या बाजारात होईल हे. मी म्हटलं होतं ना, बघतो?"

"दोन रविवार म्हटलं होतंस."

मास्तर लेथ सोडून पुढे आले, त्यांच्यामागे छोटीही. "डिस्क बदलल्या? माझ्या तासलेल्या डिस्क?" त्यांनी पोतं सोडलं, एक डिस्क दोन्ही हातांनी उचलली आणि पेटीतून मायक्रोमीटर आणला. पुन्हा तेच बारीक केलेले डोळे, तीच मान इकडे तिकडे. "बावीस पॉइंट दहा," ते म्हणाले.  "बारा होती, दोन शतांश झिजली. हिशोब चोख आहे. बघा. चांगली डिस्क. लुटलं तुला, सूनबाई. ज्याने तुला या फेकायला लावल्या त्याने तुला दिवसाढवळ्या लुटलं."

"बाबा, तुम्ही परत एकदा—"

"बघ रे," मास्तर म्हणाले.

 ते सुनेला म्हणाले नव्हते. सहा वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी मुलाला हाक मारली होती. हातातला मायक्रोमीटर त्यांनी त्याच्यापुढे धरला, डिस्कला लावलेला तसाच.

नवऱ्याने तो घेतला, उजेडाकडे धरला. ती त्याच्याकडे बघत होती. त्याची नजर रेघेवर गेली, तिथे थांबली, पुन्हा मागे आली आणि पुन्हा गेली. त्याला दिसलं. त्याला दिसलं हे तिला दिसलं. त्याचा चेहरा उतरला.

मास्तर मुलाच्या तोंडाकडे बघत उभे होते, हात पुढे, निकाल ऐकायला आलेल्या परीक्षार्थीसारखे.

"बावीस पॉइंट दहा," नवरा म्हणाला. "बरोबर आहे, बाबा."

"बघ!"

"चांगल्या होत्या डिस्क. हिने उगाच फेकल्या." आणि तिच्याकडे न बघता, "घाबरली. दुसरं काय."

मास्तरांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. मग दोघं त्या परक्या गॅरेजाची लाज काढायला बसले. कोण आहे तो, किती वर्षं झाली त्याला, त्याच्याकडे लेथ तरी आहे का. मास्तरांनी जुने किस्से काढले, नवरा हसला. जेवायच्या टेबलावर त्या दिवशी कुणी कुणाला निरोप दिला नाही. "भाजी दे रे," मास्तर म्हणाले आणि नवऱ्याने दिली. छोटी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला आठवतं तेव्हापासून तिने हे पाहिलं नव्हतं. ताटं उचलून तिची आई सिंकपाशी गेली आणि नळ पूर्ण सोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर आडवे झाल्यावर तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"किती होतं?"

"काय किती?"

"मला वाचता येतं. किती होतं?"

तो खुर्चीवर बसला. "एकवीस साठ."

"मग?"

"मग काय सांगू त्यांना? डोळे गेले म्हणून? चाळीस वर्षं ज्या माणसाने सगळ्यांची मापं काढली, त्याला सांगू की तुमची चूक झाली आणि सून-नात मरता मरता वाचली? जगेल का तो? सहा वर्षांनी बोलला माझ्याशी. तू पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग समजून घे की."

"मी घेतलंच असतं," ती म्हणाली. "मला बाजूला घेऊन सांगितलं असतंस तर घेतलं असतं. पण तू म्हणालास मी घाबरले. उगाच फेकल्या म्हणालास. छोटीसमोर."

"बोलण्याच्या ओघात गेलं ते."

ती त्याच्यासमोर बसली. "आणि ते अजून लोकांच्या डिस्क मोजतात. परवा त्या टॅक्सीवाल्याची मोजली."

"ते मी सांभाळतो. त्यांनी मोजलेली प्रत्येक डिस्क मी नंतर स्वतः मोजतो. गेलं वर्षभर मोजतोय. त्यांना कळू देत नाही."

 आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तिच्या लक्षात लगेच आलं होतं.

"वर्षभर," ती म्हणाली.

"अगं, तसं नव्हे—"

"टॅक्सीवाल्याची मोजलीस."

"धंदा आहे तो. काही झालं तर लोक दारात येतील. आणि त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं, त्यांनी टोमणा मारला होता, तू होतीस ना तिथे? म्हटलं करा काय करायचं ते. वाटलं, घरचीच गाडी आहे..."

 त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने आपला हात टेबलाखाली नेला.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मास्तरांना तीच घेऊन गेली, "लॅबमधल्या ओळखीने फुकट तपासतात" असं सांगून. मोतीबिंदू निघाला. त्याचं ऑपरेशन झालं, आणि मास्तरांना पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं. त्या जुन्या डिस्क तोवर भंगारात गेल्या होत्या. नवऱ्याने त्या स्वतः, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, नेऊन टाकल्या होत्या. त्यामुळे मास्तरांना काही कळलं नाही, कळणारही नाही. बापलेक आता एकत्र काम करतात. आलं-गेलं कुणी असलं की मास्तर हसत हसत सुनेची गोष्ट सांगतात, बावीस पॉइंट दहाच्या डिस्क तिने कशा फेकल्या ती. नवरा मान हलवतो. ती चहाचे कप ठेवते आणि आत जाते.

तिच्या गाडीचं सगळं काम गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. पहिल्यांदा नवऱ्याने त्यावरून आकाशपाताळ एक केलं, मग अबोला धरला, मग सोडून दिलं. तिथला मेकॅनिक दर वेळी मोजतो आणि मायक्रोमीटर तिच्या हातात देतो. ती स्वतः वाचते.

एकदा घरी येताना छोटीने विचारलं, "आई, आपले बाबा गाडी नीट करत नाहीत का?"

"करतात की," ती म्हणाली. "लोकांच्या छान करतात."